गणपूर्तीचा गणपती

बसा मंडळी, बसा. मागचे पुढं या, जागा आहे. आज घसा बसलाय माझा. खरं सांगू? घशाबरोबर मनही बसलंय. तेव्हा फार गाणार नाही — एकच प्रश्न विचारतो. देव कुठं राहतो, ते तुम्हाला पाठ आहे. चराचरात! शाबास. आता सांगा — सरकार कुठं राहतं?

हं? मुंबईला? ते मागचे पाहुणे म्हणतात, दिल्लीला! छान. म्हणजे देव जवळ आणि सरकार लांब. ऐका तर मग.

एक गाव होतं. नाव विचारू नका. गावाशेजारी ओढा, ओढ्यापलीकडं वस्ती, वस्तीवर हौसाबाई नावाची म्हातारी. मुलगा ट्रकवर, सदा बाहेर. घरात सून रेश्मा आणि तान्हा नातू. एकदा पोराला ताप आला, म्हणून रेश्मा त्याला कडेवर घेऊन दवाखान्याला निघाली. ओढ्यात उतरली — आणि पाय सटकला! पोर वाचलं हो, वाचलं. पण तिच्या काळजात धडकी भरली ती भरलीच. तिनं माहेर गाठलं. जाताना सासूला म्हणाली, "आत्या, तुमच्यावर राग न्हाई. पर साकव झाल्याबिगर ह्या लेकराला घिऊन मी हा वढा उतरायची न्हाई."

साकव म्हणजे काय? पायी जाण्यापुरता लहानसा पूल. हत्ती-घोडे न्यायचे नव्हते त्यावरून! एक आई आणि तिचं लेकरू.

निघाली म्हातारी सरकार शोधायला. ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, एवढा पैसा आपल्याकडं कुठला? तालुक्याला जा." गेली पंचायत समितीत. साहेब जेवायला गेलेले. हसता काय? साहेबानं जेवू नये? जेवून आले आणि म्हणाले, "हे काम जिल्हा परिषदेचं." गेली जिल्ह्याला. मोठी इमारत, जिन्यावर जिने! पण तिथला साहेब चांगला निघाला. निघतात हो, चांगलेही निघतात! त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "मावशी, करू की साकव. पैसा वरून येईल. फक्त तुमच्या ग्रामसभेचा ठराव आणा. गावानं मागितल्याशिवाय आम्हाला देता येत नाही."

"आन् गरामसभा म्हंजी कोन वो?"

"गावातले सगळे मतदार. तुम्हीसुद्धा."

बघा गंमत! म्हातारी माडीमागून माडी चढली, आणि शेवटच्या माडीवरच्यानं सांगितलं — बाई, सरकार खाली तुझ्याच ओसरीवर बसलंय!

सभेचा दिवस आला. विषय दोन — हौसाबाईचा साकव, आणि वेशीवर स्वागत कमान. त्या वर्षी वर पाठवायचं काम एकच. आणि ठराव व्हायला माणसं हवीत शंभर. आली किती? सरपंच, त्यांचे चार-पाच सोबती आणि ही म्हातारी! बाकीचं गाव पारावर बसून सरकारला शिव्या देत होतं.

ग्रामसेवक उठले आणि पुटपुटले, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब. पुढच्या सोमवारी."

म्हातारीला ऐकू येतं कमी. तिनं काय ऐकलं? "गणपती नाही!"

कपाळावर हात मारला तिनं. "अगं बया! गनपतीबिगर कुठलं काम हुतंय व्हय? आदीच न्हाई का सांगायचं!"

पुढच्या सोमवारी पंचायतीच्या टेबलावर पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारीचा गणपती. बाजूला शिऱ्याची परात. आणि ही सकाळपासून दारोदार — "आरतीला या, पंचायतीत गनपती बसलाय!" मंडळी, गाव लोटलं! शंभर काय घेऊन बसलात, पाय ठेवायला जागा नाही! सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रामसेवक चष्मा पुसून पुसून बघतात.

आरती झाली. शिरा वाटला. म्हातारीनं हात जोडले, "आता माज्या साकवाचं बगा रं बाबांनो." कोण बघतो! याला डेअरीला दूध घालायचं, त्याची वीज आलेली, मोटार चालू करायची. हात पुसले आणि चालते झाले! उरले कोण? तेच मागच्या सभेचे.

"भाऊसायेब," म्हातारी म्हणाली, "गनपती हाय की आता. मंग?"

ग्रामसेवकांनी मान खाली घातली. "आजी, गणपती नव्हे, गणपूर्ती. माणसांची. आणि तहकूब सभेला ती लागत नाही. आहेत तेवढी पुरतात."

हो, असा नियम आहे! नियम वाईट नाही. कुणी आलं नाही म्हणून गावाचं काम अडू नये, यासाठी केलेला. पण कुणीच येत नाही त्या गावात त्याचं काय होतं? कमानीला सहा हात. साकवाला एक, शिऱ्याच्या तुपानं माखलेला.

कमान झाली. नातू तिकडं चालायला लागलाय म्हणे. आजीनं पाहिलं नाही.

आज सकाळी मी त्या कमानीखालूनच आलो. 'सुस्वागतम्' लिहिलंय. रंग छान आहे.

का हो? कमान ओळखलीत? खांबाशी टेकून बसल्यात त्या हौसाबाई. दुपारी मला भाकरी वाढता वाढता त्यांनीच हे सांगितलं. रडल्या नाहीत. मीच अर्धी भाकरी ठेवून उठलो.

मी थकलोय मंडळी. जाईन तिथं ऐकतो — मायबाप सरकार, मायबाप सरकार! अहो, मायबाप तुम्ही! पोर उंडगं निघालं, तर कान कुणी धरायचा? शेजाऱ्यानं?

उद्या सकाळी दहाला नवी सभा आहे. विषय साकव. शंभर माणसं लागतील. कीर्तनाला गणपूर्ती लागत नाही, देवाला एकटा माणूसही पुरतो. ओढ्याला नाही पुरत.

आता प्रसाद. बुंदीचा वास येतोय का? यायचा नाही! पातेली मी मघाशीच पंचायतीत ठेवायला लावली. कुलूप घातलंय. किल्ली हौसाबाईंच्या कनवटीला आहे. नामाचा गजरही आज नाही, तोही उद्या तिथंच करू.

टाळ ठेवा खाली. घरी जा. आणि उद्या या — आधी हात वर करायचा, मग प्रसादाला पुढं!