घरातला प्रश्न

सर: हॉलतिकीट कपाटात कशाला कोंबलंस? सकाळी घाईत सापडायचं नाही.

बायको: सापडायची गरज नाही. मी पेपरला बसत नाहीये.

सर: काय?

बायको: उद्याच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला मी बसत नाहीये. क्लासमध्ये तुम्ही मुलांना तीन-तीनदा सांगता ना, तसं सांगितलं. समजलं?

सर: सहा महिने माझं डोकं खाल्लंस. एक्स-रेच्या कोर्सला प्रवेश हवा, त्यासाठी बारावीचं भौतिकशास्त्र सुटायला हवं, म्हणून या वयात पेपर द्यायला निघालीस. आणि आदल्या संध्याकाळी हे नाटक?

सासूबाई: हॉस्पिटलातून आल्यापासून तशीच बसलीय. चहा दिला तो निवला.

सर: आई, तू मध्ये पडू नकोस.

सासूबाई: मी भाजी निवडतेय. मध्ये पडायचं तर उठावं लागेल.

बायको: आज हॉस्पिटलात माझ्या काउंटरवर एक मुलगी आली होती. मनगट सुजलेलं. एक्स-रेला रांग होती, म्हणून मी तिला माझ्याशेजारी बसवलं. कोण, काय विचारलं तर तुमच्याच क्लासची निघाली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, मीही बोलले नाही. एका हाताने मोबाइल काढला आणि म्हणाली, मॅडम, आमच्या सरांचे व्हिडिओ बघा, 'घरातला प्रश्न' म्हणून असतात. दुखणं विसरायला होतं.

सर: अच्छा.

बायको: अच्छा काय? व्हिडिओत तुम्ही गोष्ट सांगताय, स्टुलावर उभी असलेली एक बाई. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात चमचा. तिला बघायचंय की आधी काय पडतं. तुम्ही तिचा आवाज काढताय, मुलं बाक बडवतायत. मीही हसले. खरंच हसले हो, त्या मुलीबरोबर. मग तुम्ही म्हणालात, 'आणि सासू आतून ओरडली'. तेव्हा लक्षात आलं की ते स्टूल माझं आहे.

सासूबाई: पातेलं माझं होतं. अजून गॅसवर डुगडुगतं.

सर: हे बघ, नाव घेतलंय का कुठे तुझं? एकदा तरी?

बायको: बायका किती आहेत तुम्हाला? मुलांना एवढा हिशेब येतो. खाली कमेंट वाचा. 'चमचा काकू आज दिसल्या नाहीत.' 'चमचा काकूंना नमस्कार सांगा सर.' उद्या त्यातलीच चार-दोन माझ्या मागच्या बाकावर असतील. ओळख पटली की झालं.

सर: लक्ष देऊन ऐक. तू ज्या चुका करतेस ना, त्या सगळेच करतात. जड वस्तू आधी पडते, टेबल पुस्तकाला ढकलत नाही, चेंडू वर जाऊन थांबला की गुरुत्वाकर्षण संपतं. फळ्यावर सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. घरातली गोष्ट सांगितली की शिरतं. मुलांचे मार्क वाढलेत त्याने.

बायको: वाढणारच. तिथे तुम्ही काय गोड बोलता. 'बाळांनो, यात लाजायचं काही नाही, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.' त्या टेबलावर तर किती वेळ बोललात. टेबल कसं दबतं, दबल्यावर कसं उलट ढकलतं, स्पंजवर पुस्तक ठेवून दाखवलंत. मला आज ते कळलं. काउंटरवर बसून, सुजलेल्या हाताच्या मुलीच्या मोबाइलवर. घरी विचारलं तेव्हा काय म्हणाला होतात, आठवतं?

सर: नाही.

बायको: 'एवढंही कळत नसेल तर कशाला मांडलाय हा खेळ?'

सासूबाई: म्हणाला होता. मी इथेच होते.

सर: दिवसभर घसा कोरडा करून माणूस घरी येतो. पुन्हा तेच, पुन्हा तेच. कधीतरी चिडणार नाही का?

बायको: चिडा ना. चिडण्याचं मला काही नाही, चौदा वर्षं बघतेय. पण घरी ज्यावर खेकसलात तेच दुसऱ्या दिवशी तिखटमीठ लावून विकलंत. तो मोबाइलमधला माणूस माझ्या वाट्याला आला असता, तर मी एव्हाना पास झाले असते.

सर: बरं. चुकलं. सगळे व्हिडिओ काढून टाकतो, आत्ता, तुझ्यासमोर. झालं? आता ते हॉलतिकीट काढ.

बायको: व्हिडिओ काढायचे नाहीत. आधी एक सांगा. त्या पातेल्याच्या गोष्टीत माझा दुसरा प्रश्न होता. तो तुम्ही सांगितलात, पण त्याचं उत्तर कुठे दिलंत?

सर: कुठला दुसरा?

बायको: तेच म्हणते. पहिल्यात मी चुकले, मान्य आहे. मला वाटलं होतं पातेलं आधी पडेल. टाकून बघितलं, दोन्ही एकदम आपटली. मग मी तुम्हाला विचारलं की असं का. तुम्ही म्हणालात, पातेल्याला पृथ्वी जास्त जोराने ओढते, पण पातेलं हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो, म्हणून फिटंफाट.

सर: बरोबर आहे. गणितात दोन्हीकडचं वस्तुमान कटतं. उद्या आलं तर एवढंच लिहायचं.

बायको: कटतं, पण का कटतं? ओढणं हे पृथ्वीचं. आणि हलायला कुरकुर करणं हे पातेल्याचं स्वतःचं. गुळगुळीत फरशीवर आडवं ढकललं तरी ते कुरकुर करणारच, तिथे पृथ्वी ओढण्याचा काय संबंध? या दोन निराळ्या गोष्टी आहेत ना?

सर: आहेत.

बायको: मग दोन्हीचं माप अगदी एकच कसं? पातेल्याचीही दोन्ही मापं सारखी, चमच्याचीही सारखी. थोडंसुद्धा इकडेतिकडे नाही?

सर: दोन्ही म्हणजे वस्तुमानच गं.

बायको: दोघांना एकच नाव दिलं म्हणून ते एक झाले?

सर: हे परीक्षेत विचारत नाहीत.

बायको: मी विचारतेय. तेव्हाही विचारलं होतं. आणि तुम्ही मुलांना काय सांगितलंत? 'मी म्हटलं कटतं, तर ती म्हणते, का कटतं? आता हिला काय सांगू, भाजी का कापते विचारल्यासारखं झालं.' हशा. पुढचं गणित.



सासूबाई: याचे वडीलही तसेच होते. उत्तर आलं नाही की हसायचे. या घरात फार हसू होतं.

सर: आई, पुरे.

सासूबाई: पुरेच आहे. निवडून झाली भाजी.

बायको: सांगा ना. त्या मुलीला एक्स-रेच्या खोलीत सोडलं आणि दार माझ्या तोंडावर बंद झालं. रोज होतं. आज पहिल्यांदा वाटलं की बरोबरच आहे, आपण बाहेरच्याच. आपण विचारतो त्यावर लोक बाक बडवतात. म्हणून हॉलतिकीट कपाटात टाकलं. मूर्ख प्रश्न असेल तर तसं सांगा, मी पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही.

सर: मूर्ख नाही.

बायको: मग?

सर: लोकांनी फार बारकाईने मोजून बघितलंय. दरवेळी दोन्ही मापं सारखीच निघतात. ती तशी का, यावर मोठ्या मोठ्या माणसांनी आयुष्यं घातली. त्यातूनच गुरुत्वाकर्षणाकडे बघण्याची सगळी रीत पुढे बदलली. मी वाचलंय ते. पण...

बायको: पण काय?

सर: पण मला नीट कळलेलं नाही. कॉलेजात असतानाही कळलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मला सांगता आलं नाही.

बायको: एवढंच म्हणायचं होतं ना मग. हसलात कशाला?

सर: साठ मुलं समोर बसलेली असतात गं. सर अडखळले की त्यांना लगेच कळतं.

बायको: आणि मी अडखळले की त्यांची करमणूक होते. मी रोज अडखळते. भाकऱ्या थापता थापता, बसच्या रांगेत उभी राहून अडखळते. तरी सकाळी पुन्हा पुस्तक उघडते. तुमच्यापेक्षा माझी छाती मोठी आहे, कळलं का?

सर: कळलं.

बायको: आई, कपाट तुमच्या हाताशी आहे. ते हॉलतिकीट द्या जरा.

सासूबाई: मघाशीच काढून ठेवलंय. भाजीच्या ताटाखाली बघ, ओलं झालं नसेल तर.

सर: सकाळी सोडायला येतो केंद्रावर.

बायको: नको. तुम्ही अकरावीच्या क्लासला जा. आत्ता मला जे सांगितलंत ते तिथे सांगा, त्या साठ जणांसमोर.

सर: काय, मला येत नाही म्हणून?

बायको: हो. आणि 'घरातला प्रश्न' म्हणू नका. माझा प्रश्न म्हणा.