पाच पोचपावत्या

सून : म्हणजे नाव निघालं? नक्की?

सासरे : निघालं. हे पत्र बघ, सही-शिक्क्यानिशी. आधी पाणी दे, तीन जिने चढून आलोय.

सून : घ्या. पण तुमचं नाव संशयितांच्या यादीत गेलंच कसं?

सासरे : खाणीवर तीस वर्षं सुरुंग लावले ना मी, स्फोटकं माझ्याच सहीने यायची. त्यातल्या एका खरेदीची नोंद एका खात्याने दुसऱ्या खात्याला दिली, पण माझा परवाना राहिला पहिल्याच खात्यात. संगणकाला काय दिसलं? एक म्हातारा आणि दोनशे किलो स्फोटकं.

सून : हसताय काय बाबा? विमानतळावर सहा तास बसवून परत पाठवलं तुम्हाला. तिकडे ताईंचं, तुमच्या लेकीचं, ऑपरेशन तुमच्याविना झालं.

सासरे : तेव्हा नव्हतं येत हसू.

सून : मला तर असल्या याद्याच नको वाटतात.

सासरे : मला तसं नाही वाटत. आमच्या खाणीवरून एकदा दोन पेट्या चोरीला गेल्या होत्या. खात्यांनी एकमेकांना वेळेत कळवलं, म्हणून सापडल्या. तोवर चार दिवस मी खाणीवरून हललो नव्हतो.

सून : मग आज भांडायला कशाला गेलात?

सासरे : लक्ष ठेवा, पण अर्धवट माहिती पुढे ढकलू नका, एवढंच म्हटलं. आणि चुकलं तर माणसाने जायचं कुठे? आठ महिने मला दार सोड, खिडकीसुद्धा सापडत नव्हती.

सून : ऐकून घेतलं त्यांनी?

सासरे : अधिकारी बाई होत्या. मी विचारलं, माझं नाव आणखी कुणाकुणाला दिलंय? संगणकात बघून म्हणाल्या, पाच खात्यांना. म्हटलं, पाचही ठिकाणी दुरुस्ती गेल्याशिवाय मी काही उठत नाही.

सून : आणि बसलात?

सासरे : दुपारपर्यंत. पाच पोचपावत्या हातात पडल्या, तेव्हा उठलो. चहा त्यांनीच पाजला.

सून : बाबा, एक सांगू? मधे एकदा मलाही वाटून गेलं होतं, की खरंच काही असेल का.

सासरे : ठाऊक आहे. माझं कपाट तीनदा आवरलंस तू.

सून : तुम्ही काही बोलला नाहीत.

सासरे : काय बोलणार? सरकारी कागद होता. मीच कधीकधी आठवून बघायचो, आपल्या हातून काही झालं तर नाही ना.

सून : चुकलं माझं.

सासरे : जाऊ दे. माझ्या लेकीला फोन लाव.

सून : लावलाय. वाजतोय. काय सांगू ताईंना?

सासरे : तिकीट काढतोय म्हणून सांग. नाही, थांब. दे इकडे, मीच बोलतो.