आत्या घरोघर जाते

युगांडातल्या मसाका गावच्या दवाखान्यात नाव नोंदवताना नाबुकालूने गुडघेदुखी सांगितली होती. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची भाची बोलत होत्या.

"हळू बोल, आत्या. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. आपल्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला हे सगळं शिकवायचं काम आत्याचंच असतं. गोतातल्या चाळीस जणींना खालचं अंग साबणाने धुवायला शिकवलं, तेव्हा कुठे लाजले?"

"मग आता काय झालं?"

"वीस वर्षं खाज होती. साबणाने घासायचे, पाल्याच्या काढ्याने धुवायचे. डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. सत्तरीत पहिल्यांदा पाहिलं गं स्वतःला."

"काय दिसलं?"

"कातडी पांढरी, कागदासारखी पातळ. मला शापच वाटायचा. बाई म्हणाल्या, कातडीचा आजार आहे, कुणाकडून कुणाला लागत नाही."

"बरा होतो?"

"जात नाही, पण ताब्यात राहतो. साबण बंद, नुसतं पाणी. मलम आधी रोज लावलं, आता आठवड्यातून दोनदा, कायमचं. गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर लगेच यायचं."

"आणि त्या चाळीस जणी?"

"घरोघर जातेय. सांगते, मी चुकीचं शिकवलं, साबण सोडा. एकवीस झाल्या."

"आत्या शिकवण परत घेते, असं कधी ऐकलं नव्हतं."

"मी तरी कुठे ऐकलं होतं?"

नाबुकालू उठून नाव नोंदवायच्या खिडकीशी गेली.

"सिस्टर, माझ्या नावापुढचा गुडघा खोडा. खालची खाज लिहा. आणि तो आरसा मलाही मिळेल ना?"