निळी तार

मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात वसुधाबाई औषध घालून डोळे मिटून बसल्या होत्या. कान मात्र शेजारच्या बापलेकीकडेच होते.

"बाबा, तुम्ही घरी बनवलेल्या केबलची निळी तार सुटलीय, टीव्हीवर निळा रंगच येत नाही."

"मी स्वतः सोल्डर केलीय, श्रुतिका."

"मग जुन्या कॉम्प्युटरवरचं आईने काढलेलं चित्र टीव्हीवर असं का दिसतं? समुद्र काळा, शिडं पिवळी?"

"संध्याकाळचा वर्सोवा आहे तो."

"मोतीबिंदूमुळे तुम्हाला दूधपण पिवळं दिसतं."

"तू बघितलंयस ना, ती काढत होती तेव्हा?"

"लहान होते ओ मी. नाही आठवत."

वसुधाबाईंना राहवेना. "अहो, कशाला डोकं पिकवताय? जिने काढलं तिलाच विचारा की."

"ती नाहीये आता," बाबा म्हणाले.

वसुधाबाईंनी उगाच पदर सारखा केला.

"ऑपरेशन झालं की तुम्हीच बघा, बाबा."

"आणि समुद्र निळा, शिडं पांढरी, अशी ती दुपार निघाली तर? आम्ही तिथे संध्याकाळचेच बसायचो गं."

आतून नर्सने हाक मारली, "देवव्रत सामंत."

"ताई, आधी तुम्ही जा," बाबा वसुधाबाईंना म्हणाले.

"मी? मला मेलीला दार कुठंय तेही दिसत नाही."