पंचविसावं मिनिट

सून: बंद पडला. नाना, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला.

नाना: हात लावू नकोस. आधी वेळ सांग.

सून: घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला तुमचा, आणि वेळ मला विचारताय?

नाना: मी चिठ्ठीवर लिहीत होतो. थांब, बघतो. अकरा बावन्न. म्हणजे या खेपेला नऊच मिनिटं.

सून: सकाळपासून तिसऱ्यांदा. आणि तीन वाजता परीक्षा, चाळीस मिनिटांची. मध्येच बंद पडला तर नापास, दुसरी संधी नाही. स्पष्ट लिहिलंय त्यांनी.

नाना: शेजारी जाऊन दे ना.

सून: याच कॉम्प्युटरची नोंदणी झालीय, दुसरा चालत नाही. मी कामाला होते तो छापखाना बंद पडून दोन वर्षं झाली, नाना. दोन वर्षांत हे पहिलं बोलावणं. घरी बसून डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. माझ्या बोटांना दुसरं येतंय काय?

नाना: रडू नकोस गं.

सून: रडत नाहीये, चिडलेय. हे सांगत होते, नवा घ्या, खोक्यातला. आपण दोघांनीच हट्ट धरला, जुने भाग जोडलेला स्वस्तातला पुरे म्हणून. आता संध्याकाळी यांचा फोन आला की ऐकून घ्यायचं.

नाना: माझ्या मुलाला काय कळतंय? घड्याळसुद्धा दर वर्षी नवं घेतो तो, आणि तेही बापाला न विचारता. दुकानदाराला लाव फोन. मोठ्या आवाजावर ठेव, मी बोलतो.

दुकानदार: बोला नाना, कसा आहे कॉम्प्युटर?

नाना: आपोआप बंद पडतोय.

दुकानदार: असं कसं? तुमच्यासमोर चार तास चालवून दाखवला. तुम्हीच स्टुलावर घड्याळ घेऊन बसला होतात, उठायला तयार नव्हतात.

नाना: तिथे चालला. इथे नाही चालत.

दुकानदार: मग बोर्ड गेला असेल. आणून ठेवा, आठवड्याभरात बघतो.

सून: भाऊ, आठवडा नाहीये हो माझ्याकडे. तीन तास आहेत.

दुकानदार: ताई, न बघता काय सांगू? दुकानात गर्दी आहे, नंतर बोलू.

नाना: ठेवला. गळ्यात मारला आणि मोकळा झाला. चल, तू जेवून घे.

सून: घशाखाली घास उतरणार नाही.

नाना: जेव म्हणतो ना. मीही जेवतो. तोवर त्याला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. बिघडलेली वस्तू आधी खोलायची नाही, आधी तिच्याकडे बघत बसायचं. ही चिठ्ठी वाच.

सून: चोवीस. तेरा. नऊ.

नाना: सकाळी पहिल्यांदा चोवीस मिनिटं चालला. तू लगेच पुन्हा चालू केलास, तेरा. पुन्हा लगेच, नऊ. बोर्ड गेला असता तर वाटेल तेव्हा बंद पडला असता. हा शिस्तीत बंद पडतोय. याला दम लागतोय. विसावा मिळाला की पुन्हा चोवीस चालेल.

सून: आणि नाही चालला तर?

नाना: तर मी घड्याळजी नाही. जेवायला वाढ.

(जेवणं उरकली आहेत. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत आला आहे.)

सून: पडला बंद. चोवीस. नाना, बरोब्बर चोवीस.

नाना: आता खोक्याला हात लावून बघ.

सून: आई गं. तवा झालाय नुसता. पण पंखा तर फिरत होता, आवाज येत होता मला. टेबल जरा पुढे ओढते, मागून बघू दे. नाना.

नाना: काय?

सून: मागे ही काळी चिकटपट्टी कसली? बाजूच्या जाळीवरही आहे. आणि तिच्याखाली ही मखमल.

नाना: मखमल?

सून: हो, निळी. तुमच्या घड्याळांच्या डब्यांतली असते तशी.

नाना: ती मी लावली.

सून: कधी?

नाना: आणला त्याच दिवशी. तू माहेरी होतीस ना कालपर्यंत. बघितलं तर मागे सगळी भोकंच भोकं. म्हटलं, स्वस्तातला माल, बुजवायचं राहून गेलं असेल. धुळीचा एक कण आत गेला की घड्याळ बसलंच म्हणून समज. मग नीट माप घेतलं, कापली आणि बसवली.

सून: बसवलीय मात्र छान. हवा सोडा, मुंगीसुद्धा जाणार नाही आत.

नाना: थट्टा करू नकोस.

सून: नाना, ती त्याची नाकं आहेत. आतली गरम हवा पंखा तिथूनच बाहेर टाकतो.

नाना: म्हणजे मी त्याचं नाक दाबून ठेवलं, आणि नावं ठेवली दुकानदाराला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुझ्या नोकरीवर पाणी पडलं असतं गं, माझ्या शहाणपणापायी.

सून: अजून पडलेलं नाही. तुमचा चिमटा आणा आधी. ही पट्टी नखाने निघत नाहीये.

नाना: आणतो. ब्रशही आणतो.

सून: आणि छताच्या पंख्याखाली ठेवू या याला. तीनपर्यंत पार गार व्हायला हवा.

(तीन वाजून गेले आहेत. सून दार लावून आत परीक्षेला बसली आहे. नाना बाहेर, फोन कानाला.)

दुकानदार: हॅलो, नाना? बोर्डाचं विचारायला केलात ना फोन?

नाना: हळू बोला. आत परीक्षा चाललीय. माफी मागायला केलाय मी. तुमच्या मालात खोट नव्हती. जाळी मीच बुजवली होती, मखमल लावून.

दुकानदार: मखमल? नाना, लोकांनी त्यात चहा सांडलेला बघितलाय, आतून उंदीर निघालेला बघितलाय. मखमल पहिल्यांदा ऐकतोय.

नाना: हसा. तुमचा हक्क आहे. पण फोन ठेवू नका. एकविसावं मिनिट चाललंय, चोवीसला बंद पडायचा. एकट्याला मोजवत नाही.

दुकानदार: थांबा, गिऱ्हाइकाला बसवतो. हं. पंख्याचा आवाज कसा येतोय?

नाना: दाराला कान लावलाय. एका लयीत फिरतोय.

दुकानदार: आणि ताई?

नाना: बोटं थांबायचं नाव घेत नाहीत. तेवीस.

दुकानदार: नाना, श्वास घ्या जरा. तुमची धाप इथे ऐकू येतेय मला.

नाना: चोवीस.

दुकानदार: बोला ना पुढे.

नाना: पंचवीस. अहो, पंचवीस झाली. चालतोय.

दुकानदार: मी म्हणत होतो ना, माझा माल चोख आहे.

नाना: बोर्ड गेला म्हणत होतात.

दुकानदार: ते सोडा. चाळीस झाली की कळवा. नको, थांबतोच मी.

(चाळीस मिनिटं उलटली आहेत. दार उघडतं.)

सून: नाना, दाराआड काय करताय?

नाना: काही नाही. झालं?

सून: झालं. निकालही लगेच आला. शंभरात सत्त्याण्णव. सोमवारपासून काम सुरू.

नाना: बंद नाही ना पडला?

सून: अजून चालू आहे. आता मी बंद करीन तेव्हाच होईल.

दुकानदार: अभिनंदन, ताई!

सून: हे कोण?

नाना: साक्षीदार. ठेवा हो आता, गिऱ्हाईक खोळंबलंय तुमचं.

सून: संध्याकाळी यांना मीच फोन करते. सांगते, तुमच्या बाबांनी निवडलेल्या स्वस्तातल्या कॉम्प्युटरवर पास झाले.

नाना: मखमलीचं सांगू नकोस.

सून: ते तर आधी सांगणार. आणि चिठ्ठीचंही. तुम्ही मिनिटं लिहिली नसती तर आत्ता मी खोका घेऊन दुकानात बसले असते. चूक तुमची खरी, पण शोधलीतही तुम्हीच.

नाना: जीव भांड्यात पडला बघ.

सून: नाना, एक विचारू? चाळीस वर्षं या टेबलाशी बसून काम केलंत तुम्ही. आता नऊ ते पाच मी ते अडवणार. चालेल ना तुम्हाला?

नाना: दुकान बंद केलं आणि टेबल घरी आणलं, तेव्हापासून ते बघवत नव्हतं मला. आज दाराबाहेर उभा राहून त्यावर चाललेली तुझी बोटं ऐकत होतो. फार बरं वाटलं गं. तू नऊला बस. त्याआधी मी ब्रशने जाळी झाडून ठेवत जाईन.

सून: रोज?

नाना: रोज. काम तू कर, धूळ मी बघतो.