बागेतलं

सन पंचावन्न. जळगावच्या एका दवाखान्यात सुनंदाबाई नंबराची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर रावेरकडचे केळीवाले नवरा-बायको बोलत होते.

“डॉक्टरले पायाचंच सांगजो, झुंबर.”

“आन् डोळ्याचं?”

“नजर गेली तशी परत आली ना. पायही येतीन.”

“आन् बागेतलं?”

“काय बागेतलं?”

“केळीच्या बुडाची पिलं काढाची सोडून घड लागलेली केळच कापली तुमी.”

“मले नाही आठवत. पण सालदार गड्यापुढे तूच म्हणली ना, मीच कापाले लावली म्हणून?”



“हो. म्हणली.”

“मग ते डॉक्टरले कायले सांगा?”

आतून “जीवराम नेहेते” अशी हाक आली. झुंबरबाईंनी नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

“पायाचं तुमी सांगा. बागेतलं मी सांगते. चूक माही व्हती ना.”