आठ फुटांच्या आत

...आणि वर मलाच बोलतात, ‘फोटोवाला असून बायकोचा एक फोटो काढता आला नाय!’ अरे, तुमाला सांगतो, शहापुरात माझा स्टुडिओ हाय, सोळा वर्षं लग्नं काढतोय, आटगावपासून डोळखांबपर्यंत एक नवरी माझ्याशिवाय हसत नाय! पण वाघ म्हणजे काय नवरी हाय? त्याला काय ‘मान जरा वर, नजर इकडं’ सांगता येतं?

झालं काय, आमची सरिता टोकावड्याला माहेरी जाऊन सांगून आली, ‘आमी ताडोबाला चाललोय, वाघाबरोबर फोटो काढून आणते.’ वाघाचा नाय हां... वाघाबरोबर! तिच्या वहिनीनं लगेच नाक मुरडलं, ‘तुझे हे काढतील होय? एवढी वर्षं झाली, घरात तुझा एक धड फोटो नाय.’ खरं हाय ते. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना हसवून घरी आलं की कॅमेऱ्याला हात लावावासा वाटत नाय, काय करणार? पण ते सरिताला लागलं. रडली हो ती एसटीत! म्हणाली, ‘फोटो नाय आला तर मी टोकावड्याला परत पाय ठेवणार नाय.’

मग लेन्स बघायला लागलो. तानसाला आमचा कमळू हाय, रानात वनमजूर, त्याला इचारलं. तो म्हणतो, ‘दादा, वीस वर्षं रानात फिरतोय, बिबट्याची शेपटी तेवढी दिसली, ती पण तीनदा. मोठ्यात मोठी घे. वाघ काय मांडीवर येऊन बसणार हाय?’

दादरला भाड्यानं लेन्स देतात तिथं गेलो. तो चष्मेवाला एकदम साजूक तुपातला, ‘सर, तीनशे एमएमची नेलीत ना, तर वाघ मांजराएवढा दिसेल, घरी बोट ठेवून दाखवावा लागेल. दोनशे-सहाशे न्या. वाघ काय मांडीवर येऊन बसणार आहे?’

आणि आमचा सुनिल, धंद्यातला माझा जोडीदार, तो तर टपूनच बसलेला! ‘शेठ, ही एकच न्या, बाकीच्या लेन्सा मला द्या, धसईला हळद हाय. रानात लेन्स बदलाल तर धूळ जाईल आत. आणि जवळची लागतेय कशाला? वाघ काय...’ म्हटलं, कळलं रे, मांडीवर नाय बसणार! दिल्या सगळ्या लेन्सा. हळदीला!

लेन्स म्हणजे काय... दुधाची किटली! गच्चीतून माहुलीच्या सुळक्यावर रोखली, वरचं गवत दिसलं हो, काडी न् काडी! सरिता म्हणाली, ‘माझ्यावर लावून बघा ना.’ म्हटलं, ‘थांब गो, आधी लांबचं बघू दे.’ तिथंच माती खाल्ली मी.

ताडोबाला गेटवर मोबाईल जमा. दोन फेऱ्या नुसती हरणं. तिसऱ्या सकाळी ड्रायव्हरनं जिप्सी थांबवली, आणि बांबूतून हा एवढा वाघ आला न् आमच्या पुढ्यात, दहा पावलांवर, रस्त्यात आडवा पसरला! सरिता पुढच्या सीटवर, मी मागच्या. ती उठली, वाघाकडं पाठ केली, पदर नीट केला आणि दातांतल्या दातांत म्हणते, ‘काढा.’

मी डोळा लावला. सगळं धुकट. फोकसचं मशीन कुर्र पुढं, कुर्र मागं... पकडेचना! तेव्हा डोक्यात आलं, अरे देवा, आठ फुटांच्या आतलं ह्या लेन्सला दिसतच नाय! बायको चार फुटांवर! मी मागं सरकतोय, स्टेपनीला पाठ टेकली, झाले पाच फूट. आता उरलेले तीन कुठून आणू? खाली उतरू? आणि तुमाला सांगतो, सोळा वर्षांची सवय... तोंडातून गेलंच, ‘ताई, जरा मागं सरका.’

ताई!

सरिता म्हणाली, ‘किती मागं? वाघाच्या मांडीवर जाऊन बसू?’

आमच्या मागं दुसरी जिप्सी होती. वाघ उठला, आमच्या बाजूनं सावकाश चालत गेला, आणि त्या जिप्सीच्या मागं जाऊन उभा राहिला. तिथं एक बाई, हिरवी ओढणी, वाघाकडं पाठ, आमच्याकडं तोंड, नवऱ्याला ‘काढा ना’ म्हणतेय. पन्नास फूट! बोट आपोआप दाबलं गेलं. काय फोटो आला... बाईची पापणी न् पापणी, मागं वाघ. जन्मात असा काढला नाय. सरितानं मागच्या स्क्रीनवर बघितला. ‘ही कोण?’

गेटवर त्या जिप्सीतले गृहस्थ धावत आले. चाळीसगावचे सर, शाळेत भूगोल शिकवतात. ‘अहो, माझ्याकडं तुमच्या मिसेस आहेत!’ म्हटलं, ‘तुमच्या माझ्याकडं हायत!’ वाघ आमच्या पुढ्यात असताना त्यांनी मागून सरिताला टिपलेलं; त्यांची पण हीच किटली, त्यांना पण कुणीतरी मांडीचंच सांगितलेलं! तिथंच देवाणघेवाण केली. सरिता फोटो बघून रडली, हसली, त्या बाईच्या गळ्यात पडली... आणि मला काय वाटलं सांगू? किती छान दिसते हो ही! आणि हे मला चाळीसगावच्या माणसानं दाखवायचं?

आता तो फोटो टोकावड्याला भिंतीवर हाय, फ्रेम करून. सरिता, वाघ आणि कोपऱ्यात स्टेपनीला चिकटलेला मी, पाठमोरा. पुढच्या महिन्यात वहिनीच्या रविनाचं लग्न. घरचं काम, मी तारीख धरूनच ठेवलेली. वहिनीचा फोन आला, ‘भाऊजी, फोटोला त्या सरांना बोलावलंय हां. तुमी पाहुणे म्हणून या, सरिताच्या बाजूला उभे राहा.’

सदरा शिवायला टाकलाय. सरिता रोज आरशासमोर उभं करते, ‘हसा.’ काल हसलो. तिनं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या, तुमी पाठमोरेच बरे.’